बाकावरची गर्दी

लिंबागणेशच्या पुढे, डोंगराच्या कडेला एक वाडी आहे. दिवाळी झाली की तिथली धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारेकोतारे, कुत्री आणि आरोग्य उपकेंद्र. त्या उपकेंद्रावर नव्यानं आलेली सिस्टर मनिषा एका दुपारी लसीच्या डब्यात बर्फ भरत बसली होती. आधीच्या सिस्टर इथं टिकल्या नव्हत्या. कुणी म्हणे पाणी नाही म्हणून, कुणी म्हणे क्वार्टर गळतं म्हणून. मनिषा शिरूर कासारची, पाणी नसण्याचं तिला कसलं कौतुक? शिवाय घरी भांडून तिनं ही नोकरी धरली होती. परत गेली असती तर सासूबाईंनी ‘मी म्हणलं नव्हतं का’ हे एकच वाक्य जन्मभर पुरवलं असतं.

वारा पडला होता. बाहेर ऊन असूनही खोलीत गारवा शिरला आणि ओल्या घोंगडीचा वास आला. दारात एक म्हातारा धनगर उभा होता.

“गुडघे लई दुखायलेत, बाई.”

तिनं त्याला बाकावर बसवलं, दंडाला बीपीचा पट्टा बांधला. मशीन काही दाखवेना. सेल बदलले, तरी नाही. सरकारी मशीन म्हणून तिनं नाडी धरली. ती लागेना. हात मात्र रांजणासारखा गार.

“नाव काय, बाबा?”

“गहिनीनाथ.”

“जेवण जातं का?”

“आता कशाचं जेवण...”

गोळ्या घेऊन म्हातारा गेला. केंद्राची झाडलोट करणारी बायडाबाई दाराशी भिंतीला टेकून उभी होती.

“ताई... कुणाला बोलायलाव तुमी?”

“म्हाताऱ्याला. गहिनीनाथ म्हणून.”

“गहिनीनाथमामाला वारून लई वरसं झाली, ताई...” बायडाबाई उंबऱ्याबाहेरच थांबली. “पयल्या सिस्टर त्याच्यापायीच पळाल्या.”

मनिषानं खाली बघितलं. दिलेल्या गोळ्या बाकाखाली तशाच पडल्या होत्या. बर्फ वितळायला लागला होता, म्हणून तिनं आधी लसीचा डबा बंद केला आणि मग खाली बसली.

दुसऱ्या दिवशी म्हातारा बायकोला घेऊन आला.

“गोळीनं फरक न्हाई. सुई द्या,” तो म्हणाला. “आधीच्या बाया मला बघून वरडायच्या. तुमी जेवणाचं इचारलं. म्हणून समद्यांना सांगितलंय.”

समदे म्हणजे खरंच समदे आले. दुपार झाली की बाक भरायचा, मग ओटा, मग लिंबाखालची सावली. सगळ्यांना सुईच हवी. ती हवेत टोचल्यासारखी जायची, पण म्हाताऱ्या ‘आई गं’ म्हणायच्या आणि समाधानानं दंड चोळत निघायच्या. नंबरावरून भांडणं व्हायची.

“मी आधी आलेय,” रतनबाई म्हणायची.

“पण मेले मी आधी,” विमलबाई ऐकायची नाही.

जिवंत पेशंट बाकावर टेकले की हुडहुडी भरून उठायचे आणि चौसाळ्याच्या खाजगी दवाखान्यात जायचे. मनिषाला दुपारचा डबा खायला सवड मिळेना.

शेवटी ती मोठ्या केंद्राच्या डॉक्टरांकडे गेली. “सर, अजून एक सिस्टर द्या. गर्दी लई हाय.”

डॉक्टरांनी मोबाईल बघितला. “ऑनलाइन तर तुमच्याकडं दिवसाला दोनच पेशंट दिसतात.”

“बाकीच्यांची नोंद होत न्हाई. आधार बंद पडलंय त्यांचं.”

“मग काम कमीच आहे की. शेजारच्या वाडीचं पण बघत जा.”

मनिषानं तिथंच राजीनामा लिहिला.

“घाबरलात होय?” डॉक्टर हसले. “सगळ्या त्या भुताच्या गप्पांनीच जातात.”

“पयल्या दिवशी घाबरले, सर. मग घाबरायला येळच मिळाला न्हाई. भुतांनी मला कधी तरास दिला न्हाई. पण मी दिवसभर राबते अन् तुमी म्हणता काम कमी हाय.”

जायच्या दिवशी दुपारी तिनं दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली बायडाबाईच्या हातात दिली. बाक मोकळा होता. तिला जरा वाईटच वाटलं. दोघी पायरी उतरणार, तेवढ्यात बंद खोलीत खुर्ची सरकली.

“एकेकानं या,” आतून बाईचा आवाज आला. थकलेला, रोजच्या सवयीचा. बोलणं या भागातलं नव्हतं.

बायडाबाईनं मनिषाचं मनगट घट्ट धरलं.

“ह्या... कोण, ताई?”

मनिषाला ठाऊक नव्हतं. आत कुणीतरी खोकलं. बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. मग तीच बाई दाराच्या अगदी जवळून बोलली.

“बाहेर दोघी उभ्या आहेत ना... एकीला अजून पुष्कळ वेळ आहे. दुसरीनं आत येऊन बसलं तरी चालेल.”

कोणती, ते तिनं सांगितलं नाही. फाट्यापर्यंत दोघी हात न सोडता चालल्या, आणि वाटभर एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या.