वायर न जोडता वळलेली सुई

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. माझ्या नणंदेच्या बाबतीत हे घडलं. भर दुपारी, कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये.

ताई तिथे शिकवायच्या. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा आणि पाळणाघर बंद, म्हणून चार वर्षांच्या लेकीला, चिमणीला, सोबत नेलेलं. पोरगी खिडकीपाशी चित्र रंगवत होती.

ताईंनी टँजंट गॅल्व्हानोमीटर तपासायला घेतला. तांब्याच्या तारेचं उभं वेटोळं, मधोमध चुंबकसुई. सुईला पृथ्वी एकीकडे ओढते, वेटोळ्यातली वीज दुसरीकडे. सुई किती वळली, त्यावरून वीज किती ते कळतं.

वायर अजून जोडलीच नव्हती.

तरी सुई हलली... आणि पंचेचाळीस अंशांवर थांबली.

पंचेचाळीस म्हणजे दोन्ही ओढी सारख्या. पृथ्वीइतक्याच जोराने दुसरं कुणीतरी ओढत होतं.

चाव्या, मोबाइल, लोखंडी स्टूल... सगळं बाहेर ठेवलं. सुई तशीच.

लॅबमधले मामा चिमणीला पलीकडच्या नळावर पाणी पाजायला घेऊन गेले.

सुई तिच्या मागोमाग वळली... तिकडेही पंचेचाळीस.

"मॅडम, पोरीने खिळाबिळा तर नाही ना गिळला?" मामा हसले.

ताईंना हसू आलं नाही. लेकीला तशीच उचलून त्यांनी एक्स-रे काढला. पोटात काहीच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी चिमणी घरी होती. लॅबमध्ये सुई साठवर, म्हणजे ओढ वाढलेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिमणी उठेचना. ताप नाही, खोकला नाही. दवाखान्यात डॉक्टर नुसते तपासत राहिले.

ताई एकदम उठल्या.

"अगं, पोरीपाशी बसायचं सोडून निघालीस कुठे?" त्यांचा नवरा ओरडला.

त्या लॅबकडे धावल्या. सुई अठ्ठ्याऐंशीवर होती.

त्यांनी बॅटरी जोडली. सुई मागे खेचली जाईल अशी, उलट्या बाजूने वीज सोडली.

सत्तर... चाळीस... दहा...

"मामा, येतेय! परत येतेय!"

शून्य.

पण सुई थांबली नाही. विजेच्या ओढीने सरळ पलीकडे गेली.

समोरून ओढणारं कुणी उरलंच नव्हतं.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. चिमणी गेली होती.

यंत्रात दोष सापडला नाही. मुलं आजही त्यावर प्रॅक्टिकल करतात.

आता माझी लेक चार वर्षांची होईल. परवा ताई आल्या, तिला मांडीवर घेऊन बसल्या. मग पर्समधून छोटं होकायंत्र काढून पाहिलं... आणि पटकन मिटलं.

"काय झालं, ताई?"

"काही नाही गं."

पण मग काही केल्या तिला मांडीवरून खाली सोडेनात.