सात मात्रांची चाल

गाणं वाजत असतानाच ते लॅपटॉपवर लिहीत जाणं, हा माझा व्यवसाय. कोडची ओळ लिहिली की ती लगेच वाजते, आकडा बदलला की ताल बदलतो. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांची चाल काही सुधारेना, तेव्हा तालावर चालवून बघायला त्यांच्या फिजिओबाईंनी मला बोलावलं. मी निर्धास्त गेले. असलं काम म्हणजे माझ्या हातचा मळ.

खोली मागच्या बाजूची, दुपारच्या उन्हाने तापलेली. रबराचा वास. भिंतीलगत धरायला दांडा आणि जमिनीवर एक लांब काळी चटई. तिच्यावर पाऊल पडलं की बाईंच्या संगणकाच्या पडद्यावर ठसा उमटायचा.

चार मात्रांच्या तालावर बाबा अडखळले.

"तुझं गाणं पळतंय गं," ते कुरकुरले. "कुत्रं मागे लागल्यासारखं."

बरोबरच होतं. त्यांचा उजवा पाय दोन मात्रांत पडायचा, डावा ओढून आणायला तीन लागायच्या. मी चाराच्या जागी पाच लिहिलं. मात्रेची गती तीच राहिली, आवर्तन तेवढं लांबलं. बाबांनी दांडा सोडला आणि चटईच्या टोकापर्यंत चालत गेले. फिजिओबाईंनी टाळ्या वाजवल्या. माझीही कॉलर ताठ झाली.

परत येताना मात्र ते डाव्या पावलानंतर थांबायला लागले. दर वेळी दोन मात्रा.

"थकलात?"

"छे! दोन मात्रा वाढव की. रिकाम्या."

मी सात केलं. थांबणंही तालात बसलं. बाबा आता चटईच्या डाव्या कडेने चालत होते, अंग चोरून.

"चटई बिघडली वाटतं," फिजिओबाई पडद्याकडे वाकून म्हणाल्या.

बाबांच्या दोन पावलांनंतर, त्या रिकाम्या मात्रांत, उजवीकडे आणखी दोन ठसे उमटत होते. अरुंद, टाच नसलेले.

बिघाड असता तर ठसे कुठेही, कसेही पडले असते. हे अगदी तालात होते. चाचणी म्हणून मी पुन्हा पाच लिहिलं.

बाबा जागीच थांबले. "अगं, मागे राहिलं ना ते!"

"कोण?"

"मला काय ठाऊक? पण मी एकटा चालत नव्हतो."

फिजिओबाई हसल्या, जरा उशिराने. मी संगीत बंद केलं. बाबांना हाताला धरून चटईबाहेर आणलं, खुर्चीत बसवलं आणि माझ्या जागी येऊन बसले. पंख्याची घरघर तेवढी उरली.

पडद्यावर ठसा उमटला.

आणखी एक.

मग काहीच नाही. मी मनात मोजत होते. पाच मात्रा. बाबांची जागा कुणीतरी मोकळी सोडत होतं.

मग पुढचे दोन. माझ्या टेबलाच्या दिशेने.

चटई माझ्या खुर्चीपाशी संपत होती. ठसे तिथपर्यंत आले आणि थांबले.

"झालं," बाबा म्हणाले आणि उठले. दांड्याकडे न बघता, दोन्ही पाय सारखे टाकत, सरळ दारापर्यंत गेले. फिजिओबाई पडदा विसरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी लॅपटॉप बंद केला, तारा गुंडाळल्या. चटई दुरुस्तीला द्या, असंही बाईंना सांगितलं. आवाज माझा नेहमीचाच होता.

जिना बाबा भराभर उतरले. खालून त्यांनी हाक मारली, "चल की लवकर!"

मला लवकर उतरता येत नव्हतं. दर दोन पायऱ्यांनंतर माझं पाऊल आपोआप अडत होतं, दोन मात्रा. आणि मी भिंतीला खेटून उतरत होते, जिन्याची उजवी बाजू मोकळी सोडून.