धुऱ्यावरची बाटली

"पाच रिकाम्या बाटल्या द्या, नवी बादली न्या!"

टेम्पोतला माणूस गावभर ओरडत फिरत होता. आर्णीच्या ज्या दुकानातून गाव कपाशीवर फवारायचं औषध आणायचं, त्याच दुकानदाराचा तो माणूस.

"असा दानशूर दुकानदार कधी पाह्यला व्हता काय बे?" ममताचा मित्र पिंटू खिदळला. दिवाळीच्या सुट्ट्या नुकत्याच लागल्या होत्या.

ममताला मात्र हसू येईना. तिचा बाबा, बळीराम, आठ दिवसांपासून यवतमाळच्या दवाखान्यात होता. घनश्यामकाकांच्या कपाशीत फवारणी करता करता तो कोसळला, आणि तेव्हापासून त्याला धड दिसत नव्हतं. वरून दुकानदार खुशाल सांगत सुटला होता, "दारू पिऊन पडला असंल! माह्या दुकानातलं औषध नोहेच ते." बाबानं जन्मात दारूला हात लावला नव्हता! ममताच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

गरिबांचे खटले फुकट चालवणाऱ्या वकील कोकिळा मॅडम कालच दवाखान्यात येऊन गेल्या होत्या. "भरपाई मागता येते, गुन्हाही नोंदवता येतो," त्या म्हणाल्या होत्या. "पण औषध कुठलं, याचा पुरावा हवा. बिल नाही तर बाटली."

बिल तर दुकानदारानं दिलंच नव्हतं.

"पिंट्या!" ममता किंचाळली. "पुरावा चालला टेम्पोत!"

ममता, पिंटू आणि तिचा मामेभाऊ अश्वजित घनश्यामकाकांच्या घरी धावले. हाय रे दैवा! काकूंनी सकाळीच बाटल्या देऊन बादली घेतली होती. ममताला रडूच कोसळलं.

"थांब न," अश्वजित म्हणाला. "रानडुकरं पळवाले काका धुऱ्यावर तारेले बाटल्या बांधते. त्या कोणी सोडल्या?"

पण टेम्पोही शेताच्याच वाटेला वळत होता! पिंटू त्याला आडवा गेला. "ओ भाऊ, आमच्या आबाच्या गोठ्यात पंचवीस बाटल्या हायेत! चला, दाखवतो!" आणि त्यानं टेम्पो थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला नेला.

ममता आणि अश्वजित शेतात पोचले, तेव्हा बांधावर, धुऱ्याच्या तारेला, तीन बाटल्या खडखडत होत्या. दोन उन्हानं पांढऱ्या पडलेल्या. तिसरी नवी, दुकानाच्या शिक्क्यासकट!

"हात नको लावू! तेच विष हाय," ममता ओरडली. अश्वजितनं मोबाईलवर फोटो काढले आणि कोकिळा मॅडमना फोन लावला. मॅडम कृषी अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना घेऊन येईपर्यंत दोघं तिथून हलले नाहीत.

"हे औषध विकायचा परवानाच नाही या दुकानदाराकडे," अधिकारी म्हणाले.

गडबड ऐकून शेतात आलेल्या घनश्यामकाकांनी मान खाली घातली. "त्याच्याच दुकानातून आणलं मी. बळीरामले ना हातमोजे देले, ना तोंडाले बांधाले फडकं. माहं चुकलं. मी साक्ष देतो."

"शाब्बास, पोरांनो!" मॅडम म्हणाल्या. "वकिलाला लाजवलंत."

"मॅडम, बाबाले दिसंल न आता?"

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ते डॉक्टर सांगतील, बेटा. मी खोटी आशा देणार नाही. पण तुझ्या बाबाला दारुडा म्हणायची आता कोणाची हिंमत नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ममतानं तक्रारीचा कागद बाबाला शब्द न् शब्द वाचून दाखवला. शेजारी आई, तुळसाबाई, पदरानं डोळे पुसत होती. बाबानं चाचपडत ममताच्या डोक्यावर हात ठेवला.

"वाघीण हाय माही पोरगी!"

नर्सनं अंगठ्यासाठी शाई पुढं केली.

"अंगठा नाही," बाबा म्हणाला. "मले लिहिता येते. ममता, कुठं लिहू तेवढं दाखव."

ममतानं त्याचं बोट धरलं आणि कागदावरच्या रिकाम्या जागी नेऊन टेकवलं.