बदली येईपर्यंत

रविवारी दुपारची जेवणं आटोपली, की त्या घरात लढाईची तयारी सुरू व्हायची. धाकटी निजायच्या खोलीतला संगणक चालू करायची, तिचा नवरा बाहेरच्या खोलीत आपल्या टेबलाशी बसायचा, आणि दूर बंदरावर क्रेन चालवणारा तिचा दादा तिकडून हेडफोनमध्ये खाकरायचा, "आलो रे." नवरा शाळेत गणित शिकवायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. धाकटी स्वतः चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. वडील गेल्यापासून बहीणभावाचं बोलणं फोनवरच्या "बरं आहे ना", "बरं आहे" एवढ्यावर आलं होतं. या खेळानं ते पुन्हा सुरू झालं. किडे मारता मारता माणूस मोकळेपणी बोलतो.

खेळ तसा साधा होता. जमिनीखाली एक खाण, तिच्यात कुत्र्याएवढाले किडे. चार जणांनी मिळून खाली उतरायचं, खनिज काढायचं आणि एकमेकांना सांभाळत लिफ्टपाशी परत यायचं. चौथा भिडू दादाचा एक मित्र होता. त्याला जुळं झालं आणि तो खेळातून कायमचा उठला. तेव्हा मास्तर म्हणाला, "आत्यांना घेऊ या की. दिवसभर खिडकीशी बसून असतात."

आत्या म्हणजे धाकटीची सख्खी आत्या. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिची उभी हयात गेली होती. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर भाचीकडे राहायला आली आणि हळूहळू गप्प होत गेली. पण त्या रविवारी तिच्या खोलीत जुना संगणक मांडून तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला मात्र, आणि बाई ताठ बसल्या. आवाजसुद्धा बदलला.

"बोला," ती म्हणाली. "येतोय आवाज."

दादा तिकडे खो खो हसला. "आत्या, आधी क्लास निवड."

"या वयात शिकवणी लावू?"

"तसला क्लास नाही गं. आपण कोण व्हायचं ते. गनर म्हणजे मोठी बंदूक, तो मी. मास्तर मेडिक, पडलेल्याला उठवायचं. धाकटी इंजिनीअर, ती पूल बांधते. तू स्काउट हो, पुढे जाऊन वाट बघायची. समोर चार चौकोन दिसतात ना?"

आत्यानं माऊस हळूहळू सरकवला. मग टिक् असा आवाज आला.

"घेतला. पाचवा घेतला."

"पाचवा नसतो, आत्या."

"आहे की. शेवटचा. पाठमोरा उभा आहे. बंदूकबिंदूक काही नाही, बरं झालं. खाली लिहिलंय, सर्वांत मागे राहणे. मला पुढे धावायला कुठे जमतंय?"

मास्तर उठून तिच्या खोलीत डोकावून आला, पण तोवर खेळ सुरू झाला होता. खाणीत चौघे उतरले तेव्हा आत्याच्या डोक्यावर कुठल्याच क्लासचं चिन्ह नव्हतं. तिच्या माणसाच्या अंगावर साधे करडे कपडे होते आणि हात मोकळे होते. दादा म्हणाला, नवीन काहीतरी आलं असेल, हे गेमवाले रोज काहीतरी नवं काढतात. विषय तिथेच मिटला.

त्या दिवशी ते जिंकले. पुढच्या रविवारीही जिंकले. एरवी किडे नेमके पाठीमागून यायचे आणि मास्तरचा निम्मा वेळ लोकांना उठवण्यात जायचा. आता मागून काही म्हणजे काही येत नव्हतं. आत्या सगळ्यांच्या मागे, सावकाश, फिरायला निघाल्यासारखी चालायची. कुणी वळून पाहिलं तर तिच्यामागे नुसता काळोख असायचा.

"आत्या, तू करतेस तरी काय मागे?" दादानं विचारलं.

"काही नाही. लक्ष ठेवते."

सगळ्यांना मजा वाटली. आत्याही खुलली. आठवडाभर ती रविवारची वाट बघायची, जेवताना मास्तरशी डावपेच ठरवायची, आणि किड्यांना तिनं नावं ठेवली होती, एक्सचेंजमधल्या जुन्या साहेबांची. धाकटीला बरं वाटत होतं. तरी तो पाचवा चौकोन तिच्या मनातून जाईना. एकाचे दोन दिसणं तिच्या धंद्यात रोजचं होतं. तिनं आत्याला दुकानात नेऊन खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही डोळे नीट तपासले. मोतीबिंदू नव्हता. चष्म्याचा नंबरही बदललेला नव्हता. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ आत्यानं घडाघडा वाचून दाखवली.

"झालं समाधान?" आत्या म्हणाली. "चल, आता आइस्क्रीम खाऊ घाल."

पुढच्या रविवारी धाकटी मुद्दाम आत्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर चार चौकोन होते. चौथ्याच्या उजवीकडे काळी मोकळी जागा होती. आत्यानं माऊस सरकवत सरकवत बाण त्या काळ्या जागेवर नेला आणि बोट दाबलं. टिक्. पडदा पुढे सरकला, खेळ सुरू झाला.

"थांब, थांब. मागे जा. मी करून बघते."

धाकटीनं तिथेच बाण नेला, तसाच दाबला. काही झालं नाही. वर टिचभर, खाली टिचभर करून पाहिलं. क्लास निवडा, एवढंच पडद्यावर येत राहिलं.

"तू त्याच्या खांद्यावर दाबतेयस," आत्या शांतपणे म्हणाली आणि तिच्या हातातून माऊस घेतला. टिक्.

धाकटी आपल्या खोलीत परत आली. गेममधला दोष, दुसरं काय, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. मास्तरचंही तेच मत पडलं. त्या दिवशी खाणीत खोलवर गेल्यावर सगळे गोळ्या भरत थांबले होते, आणि हेडफोनमध्ये आत्याचा हलका आवाज आला. "हो, बोला. हो. नाही, अजून आहेत इथेच."

"कुणाशी बोलतेस, आत्या?" धाकटीनं विचारलं.

"मागच्याशी."

"मागच्या कोणाशी?"

"लाइनवर आहे कुणीतरी. अगदी अदबीनं बोलतो आवाज. तुम्हाला नाही येत का ऐकू? मग क्रॉस कनेक्शन असेल."

दादा हसला. मास्तर हसला. धाकटीही हसली, पण जरा उशिरा.

मग दादाला समुद्रावरच्या एका मोठ्या जहाजावर काम मिळालं. चांगलं काम होतं, आनंदाची गोष्ट होती, पण तिथे फोनपुरतीच सोय होती, नेट नव्हतं आणि परत कधी यायचं ते नक्की नव्हतं. जायच्या आधीचा रविवार उरला. दादा म्हणाला, "शेवटची मोहीम करू या. ती राहिली तर मला तिकडे झोप लागायची नाही."

शेवटच्या मोहिमेनं त्यांना पुरतं रडवलं होतं. लिफ्टच्या अलीकडे एक लोखंडी दार होतं. खाणीच्या आतल्या बाजूला एक खटका होता, आणि तो कुणीतरी दाबून धरला तरच दार वर उचललेलं राहायचं. सोडला की दार खाली. बाकीचे बाहेर पडले की खटका धरणाऱ्यानं जिवाच्या आकांतानं पळत यायचं, आणि दर वेळी दार त्याच्या नाकासमोर बंद व्हायचं. एक जरी आत राहिला तरी मोहीम बाद. तिघांनीही हे करून पाहिलं होतं. मास्तरनं तर कागदावर गणित मांडून दाखवलं होतं, की एवढ्या अंतरात हे होऊच शकत नाही.

"खटका मी धरते," आत्या म्हणाली.

"आत्या, तुझा माणूस तर चालतो. तो पळेल कसा?"

"ते माझ्यावर सोडा."

त्या दुपारी ते जसे खेळले तसे पुन्हा कधी खेळले नसतील. दादाची बंदूक थांबत नव्हती. धाकटीचे पूल जागच्या जागी बसत होते. मास्तरला कुणाला उठवावंच लागलं नाही. मधेच दादा वडिलांची नक्कल करून "डावीकडे बघा, डावीकडे" असं ओरडला, आणि वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच दोघं भावंडं त्यांच्यावरून पोट धरून हसली. खनिज भरलं. सगळे दारापाशी आले.

आत्याच्या करड्या माणसानं खटक्यावर हात ठेवला. दार करकरत वर गेलं.

दादा बाहेर पडला. मास्तर बाहेर पडला. धाकटी बाहेर आली आणि वळून उभी राहिली.

"आत्या, ये आता. पळ."

"थांबा. बदली येऊ दे."

"कसली बदली?"

"बदलीचं माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नसते. एक्सचेंजचा नियम आहे."

खाणीच्या पोटातून किड्यांची खसखस जवळ येत होती.

"आत्या, वेळ संपतोय," मास्तर म्हणाला.

"आली. बसा. हो, हा खटका. घट्ट धरा हं."

करड्या माणसानं खटक्यावरचा हात काढला.

दार वरच राहिलं.

हात पाठीमागे बांधून, कसलीही घाई न करता, तो चालत बाहेर आला. धाकटीच्या शेजारून पुढे गेला. लिफ्टमध्ये जाऊन उभा राहिला.

आत खटका खाली दाबलेला होता. त्याच्यापाशी कुणी नव्हतं.

किड्यांची खसखस थांबली.

मग दार खाली आलं. धाडकन नाही. कुणी झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं, तसं हळूच.

लिफ्ट वर निघाली. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली, चौघे सुखरूप, मोहीम फत्ते. तिकडे दादा टेबलावर हात आपटत होता, बाहेरच्या खोलीत मास्तर चक्क नाचत होता. "आत्या, तू कसं केलंस? कसं केलंस?" दादाचा आवाज भरून आला होता. "आता मी खुशाल जातो. धाकटे, सांभाळ गं हिला. आणि फोन करत जा, नुसतं बरं आहे ना नको."

"तूही करत जा," धाकटी म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. आणि तरी ती खुर्चीतून उठली ती तडक आत्याच्या खोलीकडे धावली. हेडफोनची वायर संगणकातून उपटली गेली, तिच्या मागे फरफटत आली. तिचं लक्षही नव्हतं.

आत्या खुर्चीत आरामात बसली होती. हेडफोन काढून तिनं नीट मांडून ठेवला होता आणि पंख्याखाली मानेचा घाम टिपत होती. गालांवर लाली आली होती. इतकी तरतरीत ती कित्येक महिन्यांत दिसली नव्हती. धाकटीनं तिचा हात हातात घेतला. ऊबदार होता.

"घाबरलीस होय गं?" आत्या हसली. "वेडी. मी एवढी नोकरी केली, कधी कुणी मला खुर्चीत अडकवून गेलं नाही. विचारलं की बदली मिळते."

"कोण आलं होतं, आत्या?"

"तेच, लाइनवरचं. एवढे दिवस नुसतं बोलत होतं. शेवटी म्हटलं, बाबा रे, माझी पोरं वाट बघतायत, जरा येशील का? लगेच आला. सज्जन असावा."

धाकटीला हसावं की काय करावं कळेना. बाहेर मास्तर खिडकीतून शेजाऱ्यांना विजयाची बातमी देत होता, आणि आत्याच्या डोळ्यांत खोटेपणाचा लवलेश नव्हता. तिनं हसायचं ठरवलं. ती पलंगाच्या कडेवर टेकली, वायर तिच्या पायाशी वेटोळं होऊन पडली.

"मग आता तो आत अडकला म्हणायचा," ती थट्टेच्या सुरात म्हणाली. "त्याची बदली कोण करणार?"

"तेच विचारलं त्यानं. नियमच आहे ना. मी म्हटलं, आमची धाकटी आहे की, ती अगदी चोख आहे."

"आत्या."

"अगं, घाई नाही म्हणाला. सवडीनं ये. फक्त एकदा तुझी लाइन तपासून घेतो म्हणाला."

आत्यानं पदरानं कपाळ पुसलं आणि चहा टाकायला ती उठली. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला, मास्तरनं काहीतरी विनोद केला, आत्या मोठ्यानं हसली.

धाकटीच्या कानांवर हेडफोन तसाच होता. वायरचं टोक तिच्या पावलापाशी फरशीवर पडलेलं तिला दिसत होतं. पिन कशातही खोचलेली नव्हती.

"हॅलो," कानाशी कुणीतरी अगदी अदबीनं म्हणालं. "येतोय का आवाज?"