सहाचे बारा दिवस

"तू शुक्रवारी आणि सोमवारी नेमका कुठे गायब होतोस?"

माझ्या मैत्रिणी श्रुती आणि नंदिनीने पैज लावली होती, की दहावीत नवीन आलेल्या मुलाला अबोली, म्हणजे मी, हे विचारूच शकणार नाही. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरी देतानाही लाजायचे. यंदाची मी मात्र सरळ त्याच्या बाकासमोर जाऊन उभी राहिले.

अश्विनने मान वर केली. "माझी हजेरी घेतेस?"

"कोणीतरी घ्यायला हवी ना."

तो हसला... आणि मी पैज विसरले.

त्याची आजी नांदेडला आजारी होती. शनिवार-रविवारला जोडून रजा काढून आई त्याला तिकडे न्यायची. बाकी दिवशी शाळा सुटली की कामोठ्यातून आम्ही मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी जायचो. पेरूची जास्त तिखट फोड तो मला द्यायचा आणि बघत बसायचा. "रड ना," म्हणायचा, "रुमाल द्यायचा चान्स तरी मिळेल." मी रडले नाही. रुमाल मात्र मागून घेतला.

या गुरुवारी त्याने पेरू घेतलाच नाही. आईची नोकरी गेली, म्हणाला. ती ऐरोलीच्या एका कंपनीत कंत्राटावर डेटा एंट्री करायची. वर्षात दहापेक्षा जास्त बिनपगारी रजा झाल्या तर कंत्राट वाढत नाही, असा तिथला नियम. तिने तीनदा शुक्रवार आणि सोमवार घेतले होते, म्हणजे सहा दिवस. कॉम्प्युटरने मधले शनिवार-रविवार धरून बारा दाखवले.

"आईने ऑफिसातल्या मॅडमना बोटांवर मोजून दाखवलं," अश्विन म्हणाला. "त्या म्हणाल्या, सिस्टीम चुकत नाही."

शनिवारी ते सामान बांधून नांदेडला चालले होते. कायमचे.

मी कंपनीचं नाव विचारलं. त्याने सांगितलं.

माझे बाबा काम करतात ती कंपनी. तिथलं पगाराचं नवीन सॉफ्टवेअर बाबांनीच लावलं होतं, एका रविवारी, आमच्या जेवणाच्या टेबलावर. बिनपगारी रजा कशी मोजायची, याचे दोन पर्याय समोर होते: फक्त कामाचे दिवस, की मधल्या सुट्ट्या धरून सगळे. मी शेजारी बसून बघत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गॅलरीत जाताना ते म्हणाले, कुठलाही निवडून पुढे जा, मी नंतर बघतो. मी दुसरा निवडला. उगाच. बाबा नंतर बघायचं विसरले, आणि त्याच कामावर त्यांना बढती मिळाली.

"काय झालं गं?" अश्विनने विचारलं.

मी खरंच रडत होते. त्याने रुमाल पुढे केला — आणि तो घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. बाबांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, पुढच्या महिन्यापासून तो पर्याय गुपचूप बदलून टाकतो. आई म्हणाली, बढतीला दोन महिने नाही झाले, आत्ता कशाला बोभाटा करायचा... आणि त्या मुलाचं तुला एवढं काय?

तेही मी सांगून टाकलं. मला तो आवडतो. खूप.



"बाबा, उद्या मी शाळेत जाणार नाही," मी म्हटलं. "सकाळी आधी अश्विनकडे जाणार, त्याला आणि त्याच्या आईला सांगणार, की ते बारा दिवस मी केले. मग त्यांना घेऊन ऐरोलीला, तुमच्या ऑफिसात येणार. तो पुन्हा माझ्याशी बोलणार नाही, माहितीये मला. तुम्ही आमच्या आधी पोचून सांगितलंत तर बरं होईल."