लाल शेपटाची टेप

"झुंबर, लगेच ये. माझी टेप मुकी झाली."

नवसाबाईंचा फोन अकराला आला आणि साडेअकराला झुंबरबाई निकम सातपूरच्या त्या गाळ्यात हजर होत्या. रेडिओ केंद्रात तीस वर्षं टेपांचं रजिस्टर सांभाळून निवृत्त झालेली बाई. कोणी चपला कुठे काढल्या, याचीसुद्धा मनात नोंद करणारी.

गाळा कुंदनशेठचा. जुने अल्बम जाड, महागड्या विनाइलवर पुन्हा काढायचे, हा त्यांचा धंदा. यंदा एकच रेकॉर्ड निघणार होती. शेवटच्या फेरीत दोन अल्बम उरले होते. एक कुंदनच्या दिवंगत आईचा, म्हणजे कमळाबाईंचा गाजलेला. दुसरा नवसाबाईंच्या जलशातल्या गाण्यांचा, चाळीस वर्षांत कुणीही न काढलेला. नियम कडक होता: मूळ टेप नसेल, तर अल्बम नापास.

सत्त्याहत्तर वर्षांच्या नवसाबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"रडायला नाय बोलवलं तुला. शोधायला बोलवलं."

झुंबरबाईंनी आधी रेकॉर्डिस्ट दिनेशला धरलं.

"डबा कधी आला?"

"काल संध्याकाळी सहाला. नवसामावशींनीच दिला. मी उघडून बघितला, कपाटात ठेवला, घरी गेलो. शेठ मागे थांबले होते. आज टेप लावली, तर वीस मिनिटं नुसती खरखर."

"काल उघडलास तेव्हा काय दिसलं?"

"बाहेरच्या टोकाला लाल पट्टी."

"आणि आज?"

दिनेश चाचरला. "नव्हती. म्हटलं जुना गोंद, गळून पडली असेल."

"आणि टेप संपली तेव्हा, आतल्या टोकाला?"

"तिथेही काही नव्हतं."

कुंदनशेठनी सुस्कारा सोडला. "बाई, नाशिकचं ऊन. जुन्या टेपा अशाच जातात. वाईट वाटतं, पण करणार काय?"

त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक पत्र्याची पाटी होती: 'कॅसेट मागे फिरवूनच परत करावी.'

"ही कुठली, शेठ?"

"द्वारका चौकातल्या आमच्या कॅसेट लायब्ररीची. बारा वर्षं चालवली. गिऱ्हाईकं विसरायची, मग मीच फिरवत बसायचो."

रेकॉर्ड कुठली काढायची हे तिघं ठरवत: कुंदनशेठ, दिनेश आणि तिसऱ्या मनीषा मॅडम. कॉलेजात शिकवतात.

"मी विरोधात होते, लपवत नाही," त्या म्हणाल्या. "जलशाची गाणी दिवाणखान्यात कोण लावणार?"

"नका लावू दिवाणखान्यात," नवसाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं अंगण हाय."

"काल कुठे होतात, मॅडम?"

"सटाण्याला, माहेरी. आज सकाळच्या एसटीनं आले. भाऊ बसवून द्यायला आला होता, विचारा त्याला."

झुंबरबाईंनी त्याला फोन लावला, दोन वाक्यं बोलल्या, ठेवला. मग कोपऱ्यातल्या फळीकडे वळल्या. तिथे नापास अल्बमांचे अकरा डबे धूळ खात पडले होते.

"हे कोण उघडतं?"

"कोणीच नाही," दिनेश म्हणाला.

झुंबरबाईंनी एकेक डबा उघडला. लाल पट्टी. लाल. पुन्हा लाल. कुंदनशेठनी कूलरचा वेग उगाच वाढवला. नवव्या डब्यात बाहेरच्या टोकाला हिरवी पट्टी होती.

झुंबरबाई ते रीळ घेऊन बसल्या.

"नवसाक्का, तुमची टेप खराब झाली नाही. बदलली. सुरुवातीला हिरवी आणि शेवटी लाल, अशा दोन पट्ट्या असतात. एक गळेल. दोन्ही एका रात्रीत गळत नाहीत. मशीनवर आहे ते कोरं रीळ. तुमची टेप ही."

"मीच बदलली म्हणताय?" दिनेश उसळला.

"तू असतास, तर कोऱ्या रिळाला लाल पट्टी चिकटवली असतीस. मिनिटाचं काम. शिवाय तुम्ही रेकॉर्डिंगवाले टेप वाजवली की तशीच ठेवता, शेवट बाहेर. टेपची गुंडाळी एकसारखी बसते. म्हणून फळीवर सगळीकडे लाल. ही एकच टेप कोणीतरी शेवटपर्यंत ऐकली आणि चोरी करतानाही इमानदारीनं मागे फिरवून ठेवली. मॅडम काल सटाण्याला होत्या. मग उरलं कोण?"

त्यांनी पाटीकडे बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं.

"सवय म्हणजे पुरावा नव्हे," कुंदनशेठ म्हणाले.

"बरोबर. पुरावा टेपवर आहे. दिनेश, शेवट लाव."

रीळ फिरलं. चाळीस वर्षांपूर्वी हे रेकॉर्डिंग करणारे झिपरूमास्तर बोलले, "नवसाबाई. टेक तीन."

मग गाणं सुरू झालं. कमळाबाईंच्या नावावर अख्खं नाशिक जे गुणगुणत आलं, तेच. आवाज नवसाबाईंचा.

दोन कडवी झाल्यावर दिनेशनं आवाज कमी केला.

"काल ऐकलं मी," कुंदनशेठ शेवटी म्हणाले. "आईचं नाव त्याच एका गाण्यावर उभं आहे. जाळायची हिंमत झाली नाही."

"तिचा घसा बसला होता त्या दिवशी," नवसाबाई म्हणाल्या. "मी गायले. पुढच्या खेपेला नाव घालू म्हणाली. दर दिवाळीला फराळ पाठवायची मला, शेवटपर्यंत. फराळ आला, नाव नाय आलं. या टेपवर ते हाय, हे मलाबी ठाव नव्हतं. मास्तरांनी ठेवलं म्हणायचं."

मनीषा मॅडमनी घसा खाकरला. "माझं मत बदललंय. नवसाबाईंचा अल्बम."

"मत की दिवाणखाना?" झुंबरबाईंनी विचारलं.

"माझंही तेच," दिनेश म्हणाला.

कुंदनशेठनी हात जोडले. "मावशी, काढतो रेकॉर्ड. तुमचीच काढतो. पोलिसांत जायचं तर जा, तेही कबूल. फक्त शेवटचं एवढं गाणं वगळू. आईसाठी."

नवसाबाई उठल्या, मशीनपाशी गेल्या. फिरत्या रिळाच्या कडेला त्यांनी बोट टेकवलं.

"तुझी आई माझी मैत्रीण होती, पोरा. तिला मी काय बोलणार नाय. पोलिसांकडंबी जाणार नाय. पण हे गाणं राहील. शेवटी नाय, पहिल्या बाजूला, पहिलं."

दिनेश वहीत लिहू लागला.

"आणि सुरुवातीला मास्तर माझं नाव घेतात ना," त्या म्हणाल्या, "ते कापायचं नाय."