हिरोच्या जागी

यशोधनला हेरपटांचं वेड होतं, आणि या वेडापायी उन्हातान्हात फिरायची जयूला आता सवय झाली होती. फ्रीगंजमध्ये मामेबहिणीच्या लग्नाला आलेलं हे इंदूरचं जोडपं. पण मांडवात पंगत बसायच्या आधीच नवऱ्याने शहराबाहेरच्या भैरवगढची रिक्षा ठरवली. तिथल्या एका गल्लीत त्याच्या लाडक्या सिनेमातला हेर पांढऱ्या भिंतीला पाठ लावून उभा राहतो. यशोधनला तिथंच, अगदी तसाच उभा राहून फोटो हवा होता.

वैशाखातली दुपार होती. गल्लीभर छापील चादरी वाळत होत्या आणि ओल्या रंगाचा आंबूस वास नाकात बसत होता. कुठल्याशा घरात कापडावर ठसे मारल्याचा ठक ठक आवाज चालू होता. यशोधन मोबाइलवरचं चित्र समोर धरून भिंत शोधू लागला, तसा तो आवाज थांबला.

“फिल्मवाले हो?” कोपरापर्यंत निळे हात झालेला एक माणूस बाहेर आला.

“नहीं भैया, बस फोटो लेना है,” जयू म्हणाली. “थोड़ा पानी मिलेगा?”

“नहीं मिलेगा.”

उन्हातून आलेल्या माणसाला कुणी पाणी नाकारतं, हे जयू पहिल्यांदाच बघत होती. त्याने ओट्यावरच्या म्हातारीकडे बोट केलं. “इनका लड़का था, रमेश. फिल्मवालों ने लाइट जमाने के लिए उसको इसी दीवार से लगाकर हीरो की जगह खड़ा किया. बोले, हीरो आए तब तक हिलना मत. हीरो गाड़ी में ठंडी हवा खाता रहा... रमेश नहीं हिला. लू लग गई, वहीं खतम.”

जयूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “यशू, चल. मला बरं नाही वाटत इथे.”

“अगं, दोन मिनटं. एवढ्या दूर आलो ना आपण?”

तेवढ्यात म्हातारी बोलली. “खड़े होने दो उसको.”

आवाजात परवानगी कसली, घाईच होती. यशोधन मात्र खूश. भिंतीला पाठ टेकून, मान तिरकी करून उभा राहिला. जयूने मोबाइल वर धरला.

“मी सांगेपर्यंत हलू नकोस,” ती सवयीने बोलून गेली.

गल्लीतली दारं उघडली. उंबऱ्या-उंबऱ्यात माणसं येऊन उभी राहिली आणि खुनशी नजरेने तिच्याकडे बघू लागली. वारा नव्हता, तरी एक चादर हलली, यशोधनला झाकत भिंतीवरून सरकली आणि बाजूला झाली.

यशोधन भिंतीपासून चालत निघाला होता. पाय ओढत, डोळे मिचकावत.

“यशू?”

तो तिच्या अंगावरून पुढे गेला आणि म्हातारीसमोर उकिडवा बसला. “अम्मा... पानी.”

त्याने एक तांब्या संपवला, मग दुसरा. म्हातारी पदराने त्याचं तोंड पुसत रडत होती. मग तिने त्याला हाताला धरून आत नेलं आणि कडी लावली.

जयू भयंकर घाबरली. दार बडवून बडवून तिचे हात लाल झाले. “अम्माजी, दरवाजा खोलिए... अंदर मेरे पति हैं.”

आतून म्हातारीचा आवाज आला, अगदी निवांत. “आपके आदमी तो बाहर हैं, बहनजी.”

जयू वळली. भिंतीशी कुणी नव्हतं. चुन्यावर फक्त माणसाच्या पाठीएवढा घामाचा ओला डाग होता.

“यशू... झाला फोटो. ये ना आता...”

कुणी आलं नाही. लोक शांतपणे आपापली दारं लावून घेत होते. एवढ्या रणरणत्या उन्हात तो डाग केव्हाच वाळायला हवा होता. जयूने भीत भीत त्यावर हात ठेवला. भिंत कोमट होती, आणि तिच्या तळहाताखाली ती हळूच फुगत होती... खाली बसत होती... पुन्हा फुगत होती.